देणारा अल्लाह, मग फोटो कोणाचा?

ऑगस्ट 2025 मधली ती रात्र मुखेड तालुक्यात कोणी विसरणार नाही. 17 तारखेची रात्र सरता सरता हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली या गावांत पाणी शिरले. माणसे दगावली, जनावरे गेली, लष्कराला बोलवावे लागले. मग मदतीच्या गाड्या सुरू झाल्या. त्यांतल्या एका गाडीत आम्हीही होतो.

पीठ, तांदूळ, तेल, साखर, चहापत्ती अशी एकेक पिशवी. एका खालांच्या हातात पिशवी देताना आमच्यातल्या एकाने मोबाइल काढला. खाला हळूच म्हणाल्या, "बेटा, फोटो जरूरी है क्या?" आम्ही म्हणालो, "बस एकच, हिसाबासाठी." पिशवी एक आणि तिला धरणारे हात सहा. त्यांतला एक हात आमचा.

संध्याकाळी स्टेटस लागले. खाली ओळ होती: 'आम्ही कोण देणारे? देणारा अल्लाह. आम्ही गुनहगार बंदे, दुवांत याद ठेवा.' ओळ खरीच आहे. पण ती लिहून झाल्यावर रात्री चार वेळा आम्ही कोणी कोणी पाहिले ते उघडून बघितले. उघड बढाई निदान ओळखू तरी येते. ही दुसरी तऱ्हा फार बारीक. उमराहच्या एहराममधला सेल्फी आणि खाली 'हा नाचीज कुठे या लायक', मुलीचे गुणपत्रक आणि खाली 'मी तर काहीच केले नाही', हे सगळे त्याच घरातले.

सूरह बकरहच्या 264 व्या आयतीत लोकांना दाखवण्यासाठी खर्च करणाऱ्याला खडकाची उपमा दिली आहे. गुळगुळीत खडकावर मातीचा पातळ थर असतो, जोराचा पाऊस येतो आणि खडक उघडा पडतो. आमच्या बालाघाटाच्या माळावर राहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

मात्र उघड देणे वाईट, असे कोणी समजू नये. त्याच सूरहमध्ये थोडे पुढे, 271 व्या आयतीत, जाहीर सदकाही चांगला म्हटला आहे. गरिबाला गुपचूप देणे त्याहून चांगले. दहा जणांचा पैसा गोळा केला तर हिसाब मागणाऱ्याचा हक्क आहेच. पण त्यासाठी दुकानाची पावती आहे, भरलेल्या टेम्पोचा फोटो आहे, मस्जिदीतल्या फळ्यावर लिहिलेली जमा-खर्चाची रक्कम आहे. खालांचा चेहरा कोणत्या हिसाबात बसतो, हे आम्हाला अजून कोणी सांगू शकलेले नाही.

स्टेटस चोवीस तासांत गेले, पण तोवर ते पुढे पुढे जाऊन नांदेडला पोहोचले होते. खालांची मुलगी तिथे शिकते. तिच्या मैत्रिणीनेच तिला दाखवले, "ही तुझी अम्मी ना?" मुलगी दोन दिवस वर्गात गेली नाही. हे आम्हाला खालांनी सांगितले नाही, शेजारच्या चाचींनी सांगितले.

पंधरा दिवसांनी आम्ही ब्लँकेट घेऊन पुन्हा गेलो. मोबाइल सगळ्यांनी गाडीतच ठेवले. खालांची माफी मागायची ठरवले होते. दरम्यान आणखी कितीतरी गाड्या येऊन गेल्या असाव्यात. ब्लँकेट हातात घेण्याआधी खालांनी पदर सारखा केला, आमच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि समोर बघू लागल्या.