हात-पाय-तोंडाचा आजार : प्रत्येक विषाणूचे खाते वेगळे

तळहात, तळपाय आणि तोंडात फोड येऊन बालक चार दिवस अन्न टाकते आणि मग बरे होते. तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी समाधानाने म्हणतात, "एकदा येऊन गेला, आता पुन्हा यायचा नाही." कांजिण्यांबाबत हे बहुधा खरे असते. या आजारात मात्र ते अर्धेच खरे आहे.

कारण येथे विषाणू एक नाही. कॉक्सॅकी ए-१६, ए-६, ए-१०, एन्टेरोव्हायरस ए-७१ असा मोठा परिवार आहे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येकाचे खाते स्वतंत्र. एका खात्यातील जमा दुसऱ्याच्या कामी येत नाही, आलीच तर काही आठवड्यांपुरती. म्हणून तेच मूल पुढच्या वर्षी पुन्हा आजारी पडले, तर आईच्या निगराणीला दोष देण्याचे कारण नाही.

यांपैकी ए-७१ क्वचित मेंदूवर आघात करतो. १९९८ साली तैवानमध्ये या आजाराचे व त्याच गटातील घशाच्या फोडांचे मिळून सुमारे १,२९,००० रुग्ण नोंदले गेले. ४०५ गंभीर झाले, ७८ दगावले. बळी बहुतांशी पाच वर्षांखालील बालके होती. साथीपूर्वीच्या रक्तनमुन्यांची नंतर तपासणी झाली. सहा वर्षांवरील निम्म्याहून अधिक व्यक्तींच्या रक्तात ए-७१ विरुद्धची प्रतिपिंडे आधीपासूनच होती आणि ज्या वयोगटात ती कमी, त्या वयोगटात मृत्यू अधिक, असा हिशेब निघाला. मोठ्यांना संरक्षण होते. ज्यांचे खाते अजून उघडलेच नव्हते, त्यांच्यावर घाला पडला.

आईकडून मिळालेली प्रतिपिंडे काही महिन्यांत ओसरतात. दरवर्षी नवी बालके जन्मतात, संरक्षण नसलेल्यांची संख्या वाढत जाते आणि पुरेशी वाढली की साथ पुन्हा पेटते. आशियातील काही देशांत ए-७१ दर दोन-तीन वर्षांनी उसळतो, तो यामुळेच. चीनने २०१५च्या अखेरीस ए-७१ विरुद्ध लस मंजूर केली. त्या विषाणूवर ती उत्तम ठरली, परंतु ए-१६ व ए-६ यांना तिचा अटकाव नाही. आपल्या नियमित लसीकरणात ही लस नाही. २०२२ साली केरळात 'टोमॅटो फ्लू' म्हणून गाजलेला प्रकारही, तपासणीअंती, याच परिवारातला निघाला.

आपल्या एकत्र कुटुंबांत एक गोष्ट ध्यानी असावी. मोठ्यांना लक्षणे नसतानाही संसर्ग असू शकतो आणि बऱ्या झालेल्या मुलाच्या शौचातून विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. मद्यार्कयुक्त सॅनिटायझर यावर फारसे प्रभावी नाही; साबण आणि वाहते पाणीच हवे, विशेषतः लंगोट बदलल्यावर आणि तान्ह्याला उचलण्यापूर्वी. ताप तीन दिवसांवर टिकला, मूल झोपेत वारंवार दचकू लागले, सतत उलट्या झाल्या किंवा चालताना तोल गेला, तर फोड किती आहेत हे मोजत न बसता त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.