कापडाखालचा गंज

जुनं ते सोनं, असं आपण सहज म्हणून जातो. जुन्या विमानाच्या बाबतीत मात्र जुनं ते पोलाद असतं, आणि पोलाद गंजतं.

अमेरिकेत असलेला माझा एक माजी विद्यार्थी सध्या 'पायपर जे-३ कब' हे छोटं विमान दुरुस्त करतोय. १९३८ ते १९४७ या काळात अशी सुमारे २०,००० विमानं झाली, बहुतेक पेनसिल्व्हानियातल्या लॉक हेवन या गावी. कबचं धड म्हणजे पोलादी नळ्यांचा वेल्डिंग केलेला सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. उभं असताना या विमानाची शेपटी जमिनीला टेकलेली असते. आत शिरलेलं पाणी ओघळून तिथेच साचतं, आणि तळाच्या लांब नळ्या शेपटीकडून कुजू लागतात. वरून पाहाल तर पिवळाधमक रंग! (वह्यांना सुरेख कव्हरं घालणारी आणि आत काहीच न लिहिणारी मुलं आठवली.)

म्हणून कापड उतरवल्याशिवाय नुकसानीचा अंदाज करूच नये. रंग खरवडून नळीवर टोकदार आरी दाबत जायचं. धड नळी दाद देत नाही, कुजलेलीत आरी घुसते. पोचा असेल तर मोजायचा. नळीच्या व्यासाच्या दहाव्या भागाहून खोल असेल तर नुसत्या ठिगळावर भागत नाही, असं तिकडची सरकारी दुरुस्ती-पुस्तिका सांगते.

याच्या दोन नळ्यांत आरी घुसली. मित्र म्हणाले, "अरे, मूळच्या नळ्या आहेत, इतिहास आहे. प्राइमर मार आणि कापड चढव." त्याने मला विचारलं. वेल्डिंगमधलं मला काय कळणार? पण प्रश्न वेल्डिंगचा नव्हताच.

विमान संग्रहालयात टांगायचं असेल तर मित्रांचं म्हणणं मला मान्य आहे. पण त्यात माणूस बसणार असेल तर इतिहासाचा गंजका भाग कापलाच पाहिजे. शिवाय या विमानांचं सुती कापड काही वर्षांनी बदलावंच लागे. त्यासाठी कुणी सुतक पाळलं नाही. मग नळीचंच एवढं कौतुक का?

त्याने नळ्या कापल्या. आधी सांगाडा जखडून घेतला, नाहीतर वेल्डिंगच्या उष्णतेने शेपटी वाकडी होते. आत छोटी नळी सरकवून नवा तुकडा जोडला. मग आत गरम जवसाचं तेल फिरवून निथळून काढलं, गंज पुन्हा लागू नये म्हणून. आम्हाला जवस फक्त चटणीपुरते ठाऊक!

दुरुस्तीची नोंद विमानाच्या कागदपत्रांत झाली आहे, पुढच्या मालकाला ती वाचता येईल. आता कापड चढवायचं राहिलंय. हल्ली ते पॉलिएस्टरचं असतं आणि इस्त्री फिरवून ताणतात म्हणे.