पगारपत्रकावरचे दोनशे रुपये

वऱ्हाडातल्या बेकारीचा विषय निघाला की अलीकडे युरोपचे नाव निघतेच. युरोपीय संघ आपल्या मागास प्रदेशांवर, बेकार तरुणांवर, अपंगांवर, रोमा वस्त्यांवर अब्जावधी युरो खर्च करतो. त्यातला थोडा ओघ इकडे वळवला, एखादा करार केला, एखादे शिष्टमंडळ खामगावच्या एमआयडीसीत फिरवून आणले, तर इथल्या पोरांना पुण्याची आणि सुरतेची वाट धरावी लागणार नाही, असा हा युक्तिवाद. तो करणारे लोक भल्या मनाचे असतात, म्हणून त्याला सहसा कोणी हरकत घेत नाही. मी घेतो.

ज्या निधीचा एवढा बोलबाला आहे तो आधी पाहू. युरोपीय सामाजिक निधीची तरतूद १९५७ च्या रोम करारातच झाली. सुरुवातीला त्याचे काम मर्यादित होते. काम शोधत दुसरीकडे जाणाऱ्या किंवा नवा हुन्नर शिकणाऱ्या कामगारांवर सदस्य देशाने जो खर्च केला, त्यातला निम्मा हा निधी मागाहून भरून देई. उरलेला निम्मा ज्याचा त्याने सोसायचा. आज त्याला 'सामाजिक निधी प्लस' म्हणतात आणि २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी त्यात सुमारे ९९.३ अब्ज युरो आहेत. आकडा डोळे दिपवणारा खरा; पण सातांनी भागा, मग पंचेचाळीस कोटी लोकसंख्येने भागा. माणशी वर्षाला ३२ युरोसुद्धा येत नाहीत. म्हणजे रुपयांत तीन हजारांच्या आसपास. युरोपातल्या बेकाराला मिळणारा भत्ता, त्याचे दवाखान्याचे बिल, म्हाताऱ्याचे पेन्शन हे या पैशातून येतच नाही. ते त्या-त्या देशाच्या करातून आणि कामगार-मालकांच्या वर्गणीतून येते. युरोपचा बेकार ब्रुसेल्सच्या जिवावर जगतो, हा समजच मुळात चुकीचा आहे.

शिवाय हा पैसा म्हणजे कोणी कोणाला घातलेले दान नव्हे. संघाच्या सभासदांनी वर्गणी काढायची आणि ठरल्या नियमाने मागे पडलेल्या प्रदेशांना जास्त वाटा द्यायचा, अशी ही आपसातली बांधिलकी आहे. खामगाव त्या भिशीत नाही. भारताशी युरोपीय संघाचे जे द्विपक्षीय विकास-अनुदान होते तेही २०१४ पासून आटोपते घेतले गेले, कारण त्यांच्या लेखी आपण आता मदत घेणारा देश राहिलो नाही. आपण महासत्ता होत असल्याची भाषणे ठोकायची आणि पाठोपाठ अनुदानाचा अर्ज लिहायचा, हे दोन्ही एका तोंडाने शोभत नाही.

युरोपच्या गरजेशी खामगावची गाठ नवी नाही, आणि तो अनुभव बोलका आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला, तेव्हा साहेबाचे लक्ष वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे वळले. खामगाव तेव्हा वऱ्हाडातली मोठी कापूसपेठ होती. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा तेरा-एक किलोमीटरचा फाटा सुरू झाला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. तेरा किलोमीटरसाठी व्हाइसरॉय! गरज त्यांची होती, म्हणून रूळही झटपट पडले. त्यातून जिनिंग-प्रेसिंगमध्ये हंगामी कामे निघाली, दलाल-अडते-तोलाईवाले जगले, शहर वाढले; हे नाकारण्याचे कारण नाही. पण १८९९-१९०० च्या दुष्काळात हाच वऱ्हाड सरकारी कामांवर खडी फोडत होता. कापूस न्यायला रेल्वे होती, माणूस तगवायला काही नव्हते. आणि खामगावहून पुढे जालन्यापर्यंत रूळ न्यायची मागणी शंभर वर्षांहून जुनी झाली, तरी गाडी अजून खामगावातच थांबते, कारण तो मार्ग लँकेशायरला नको होता. परक्याच्या गरजेने आलेली सोय त्याची गरज असेल तिथपर्यंतच पोचते.

याच मापाने फेब्रुवारी २०२४ मधला जर्मनीचा करारही मोजावा. महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण पाठवायचे होते: परिचारिका, वीजतंत्री, नळकारागीर, वाहनचालक वगैरे. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचे जाहीर केले. ज्या मुलीला स्टुटगार्टच्या रुग्णालयात काम मिळेल तिने जरूर जावे. तिला अडवणारा मी कोण? माझा आक्षेप दुसराच आहे. या कराराला आपल्याकडे 'रोजगार धोरण' म्हणून मिरवले गेले. ते रोजगार धोरण आहे, पण जर्मनीचे! त्यांच्याकडे म्हातारे वाढले, हात कमी पडले, म्हणून त्यांनी हात शोधले. इथे त्या मुलीच्या नर्सिंगचा खर्च बापाने केला, आयटीआय राज्याने चालवली, जर्मन भाषेचे वर्गही राज्यानेच भरवले. तयार माणूस तिकडे गेला आणि घडवण्याचा खर्च इकडे राहिला. याला सहकार्य म्हणायचे असेल तर खर्चाची निम्मी पावती तिकडे फाडली पाहिजे. निम्मा तुमचा, निम्मा आमचा, हा त्यांच्याच सामाजिक निधीचा पहिला नियम आहे.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळतो. त्यांच्या मते परका पैसा आला की गुलामी आलीच. हेही खरे नाही. १९९० च्या दशकात जर्मन मदतीने, नाबार्डमार्फत, महाराष्ट्रात पाणलोटाची कामे झाली. हर्मन बाखर या स्विस जेझुइट पाद्र्यांनी त्यामागे आयुष्य घातले. तिथे गावाने आधी श्रमदान करायचे, चराई आणि वृक्षतोड बंद करायची आणि मग पैसा मागायचा, अशी रीत होती. ज्या गावांनी ती पाळली ती गुलाम झाली नाहीत. त्यांच्या विहिरींना पाणी आले. महिला आर्थिक विकास महामंडळाचा ('माविम') तेजस्विनी कार्यक्रमही असाच. त्यासाठी रोममधल्या आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचे कर्ज घेतले गेले. हा निधी संयुक्त राष्ट्रांचा आहे, एकट्या युरोपचा नव्हे. तेलवाल्या देशांचाही पैसा त्यात आहे. त्यातून बचतगटांची जी लोकसंचालित साधन केंद्रे उभी राहिली ती बायकाच चालवतात. तेव्हा पैशाला पासपोर्ट नसतो, अटी असतात. अट वाचावी, पटली तर सही करावी. मात्र अशा कार्यक्रमांना मुदत असते. प्रकल्प संपला की गाडी, संगणक आणि समन्वयक तिघेही जातात. बेकारीला अशी मुदत नसते, म्हणून तिच्यावरचा इलाज प्रकल्पाच्या भरवशावर ठेवता येत नाही.

मग कशाच्या भरवशावर ठेवायचा? याचे उत्तर महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी दिले आहे आणि आपण ते विसरून युरोपकडे पाहतो आहोत, हे माझे खरे दुखणे. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग सुरू केला. १९७२ मध्ये ती राज्याची योजना झाली. त्या दुष्काळात परदेशातून मिलो ही लाल ज्वारी आली, कामांवर सुकडी वाटली गेली. वऱ्हाडातले म्हातारे अजून मिलोच्या लाल भाकरीची चव सांगतात. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. मिलो खाऊन संपली, पण पुढे १९७७ मध्ये कायदा झाला: काम मागेल त्याला काम, आणि ते न दिल्यास भत्ता. जगात तेव्हा असा कायदा शोधून सापडला नसता. २००५ मध्ये देशाने याच वाटेने स्वतःचा कायदा केला.

या हमीला पैसा कुठून आला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो ब्रुसेल्सहून आला नाही, दिल्लीहूनही नाही. १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर लावला. शहरात पगार घेणाऱ्याने दर महिन्याला थोडे द्यायचे, राज्याने तेवढीच भर घालायची आणि त्यातून खेड्यातल्या बेकाराला काम द्यायचे. नोकरदाराच्या पगारपत्रकावर आजही दोनशे रुपयांची कपात दिसते, फेब्रुवारीत तीनशेची. हाच आपला सामाजिक निधी. खामगावच्या शिक्षकाच्या आणि हिंजवडीतल्या सॉफ्टवेअरवाल्याच्या कपातीत मात्र एका पैशाचा फरक नाही, आणि गोम तिथेच आहे. घटनेच्या कलम २७६ नुसार या कराची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये आहे. ती १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ठरली आणि तिथेच गोठली. त्या वेळी पदवीधर शिक्षकाचे मूळ वेतन महिना १,४०० रुपयांपासून सुरू होई. आज २,५०० रुपये म्हणजे त्याच शिक्षकाचा फार तर दोन दिवसांचा पगार, आणि कंपनीतल्या बड्या अधिकाऱ्याच्या दुपारच्या जेवणाचे बिल. चौदाव्या वित्त आयोगाने ही मर्यादा बारा हजारांवर न्यावी अशी शिफारस केली होती. ती धूळ खात पडली.

यावर दोन हरकती येतील. नोकरदार म्हणेल, आधीच प्राप्तिकर भरतो, आणखी किती पिळणार? त्याचे म्हणणे लहान पगाराच्या बाबतीत रास्त आहे. त्याचे दोनशेच राहू द्यावेत. महिना दोन-तीन लाख घेणाऱ्याने हजार रुपये दिले तर त्याची चूल विझत नाही. दुसरी हरकत जास्त वजनाची: रोजगार हमी योजना (रोहयो) म्हणजे खोटी हजेरीपत्रके, कागदावरचे बंधारे आणि मजुरीची महिनोन्‌महिने वाट. हे खरे आहे, वऱ्हाडात ते सांगायला साक्षीदार लागत नाही. पण युरोपच्या निधीतही गैरव्यवहार होतात. त्यांचे लेखापरीक्षण न्यायालय दरवर्षी चुकीच्या खर्चाचा अहवाल काढते. तिथे त्यासाठी निधी गुंडाळत नाहीत, पैसा परत वसूल करतात. आणि त्यांच्या कार्यक्रमांच्या देखरेख समित्यांवर कामगार संघटना आणि सामाजिक संस्थांचे लोक कायद्याने बसतात. आपल्याकडे तालुक्याच्या रोहयो समितीवर कोण बसते हे मजुराला माहीत नसते.

म्हणून युरोपकडून घ्यायचेच तर त्याचे नियम घ्यावेत. तिथे दरडोई उत्पन्न संघाच्या सरासरीच्या पाऊणपटीखाली गेले की तो प्रदेश आपोआप 'मागास' ठरतो आणि त्याचा वाटा वाढतो. त्यासाठी कोणाला मोर्चा काढावा लागत नाही. आपल्याकडे दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजून दिला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, केळकर समितीचाही अहवाल झाला. अमरावती विभागाच्या सिंचनाचा अनुशेष राहिलाच, आणि ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदतही संपली. तिथे सामाजिक निधीतला किमान चौथा हिस्सा वंचितांच्या समावेशनावर खर्चावाच लागतो. अनुसूचित जाती-जमातींच्या उपयोजनेचा पैसा असा कायद्याने बांधण्याचे काम आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्येच केले. महाराष्ट्रात त्या कायद्याची मागणी जुनी आहे, आणि खामगाव परिसरातल्या पारधी बेड्यावरचा माणूस त्या मागणीइतकाच जुना ताटकळतो आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रोजगार हमीचा केंद्रीय कायदा बदलला. दिवस शंभराचे सव्वाशे झाले, पण खर्चाचा चाळीस टक्के भार महाराष्ट्रासारख्या राज्यांवर आला. म्हणजे राज्याला पुन्हा स्वतःचा पैसा उभा करणे भाग आहे, आणि त्यासाठीचे खाते १९७५ पासून उघडलेले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये राज्याचे कामगार खाते खामगावचे आमदार आकाश फुंडकर यांच्याकडे आले; तेव्हा हा विषय मंत्रिमंडळात त्यांनीच मांडावा. युरोपातून शिष्टमंडळ येईल तेव्हा त्याचे स्वागत जरूर व्हावे आणि त्याच्यापुढे प्रशिक्षणाच्या निम्म्या खर्चाचे बिलही ठेवावे. त्याआधी राज्य मंत्रिमंडळाने एक ठराव करून दिल्लीला पाठवावा: कलम २७६ मधली २,५०० रुपयांची मर्यादा उठवा, आणि वाढीव रक्कम रोजगार हमीखेरीज कशावरही खर्च होणार नाही अशी अट त्याच दुरुस्तीत घाला.