भूल घ्यावी की न घ्यावी
भिलाईहून : सेक्टरवासी

पोलाद कारखान्यातील पाळीचा एक जुना दंडक आहे. पुढच्या पाळीचा माणूस येऊन उभा राहिल्याखेरीज आणि भट्टीची हालहवाल सांगून त्याच्या हाती चार्ज सोपविल्याखेरीज चालू पाळीच्या माणसाने जागा सोडावयाची नाही. घरी पाहुणे आलेले असोत की मुलाला ताप भरलेला असो, रिलीव्हर आला नाही की आठ तासांचे सोळा होतात. चौतीस वर्षे हा दंडक पाळून निवृत्त झालेल्या प्रस्तुत लेखकास, रक्तातील हिमोग्लोबिन विनाकारण उतरू लागल्यामुळे, डॉक्टरांनी गेल्या महिन्यात कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करून घ्यावयास सांगितले, आणि हाती ठेवलेल्या छापील सूचनापत्रात शेवटून दुसरी ओळ अशी निघाली, की भूल घ्यावयाची असल्यास सोबत जबाबदार व्यक्ती आणणे सक्तीचे आहे. इथेही रिलीव्हर सुटला नाही, असे मनाशी म्हणून मी तो कागद घडी करून खिशात घातला.

या तपासणीविषयी चारचौघांत बोलण्याचा आपल्याकडे शिरस्ता नाही. अँजिओग्राफी झालेला गृहस्थ सिव्हिक सेंटरला भेटेल त्याला तिची कथा तपशीलवार ऐकवितो. परंतु ही दुर्बीण ज्या मार्गाने आत शिरते त्याच्या नामोच्चाराचाच संकोच असल्यामुळे कोलोनोस्कोपी झालेला माणूस ‘पोटाची एक तपासणी केली’ एवढे बोलून विषय तहकूब करतो. परिणामी नव्याने जाणाऱ्यापाशी माहिती नसते, नुसते भय असते. आणि भूल घ्यावी की न घ्यावी हा प्रश्न त्याला टेबलावर डाव्या कुशीवर निजविल्यानंतर, पाठीमागून विचारला जातो. कित्येकदा तोही विचारला जात नाही.

भूल हा मराठीतील मोठा लबाड शब्द आहे. चूक झाली तर भूल, मोहिनी पडली तर भूल, आणि शस्त्रक्रियेपूर्वी देतात तीही भूल. डॉक्टरी व्यवहारात मात्र या तपासणीपुरते तिचे दोन स्वतंत्र प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत करणे हितावह नाही. पहिला प्रकार गुंगीचा: मिडाझोलाम आणि त्याच्या जोडीला फेन्टॅनिल किंवा पेथिडीन. यात मनुष्य हाकेला ओ देतो, कूस बदला म्हटले तर बदलतो, प्रसंगी कण्हतोही. दुसरा प्रकार प्रोपोफॉलचा. हे दुधासारखे पांढरे औषध शिरेत जाऊ लागले की मिनिटभरात माणूस निद्राधीन होतो आणि बंद केल्यावर थोड्याच मिनिटांत डोळे उघडतो, ‘झाले का?’ असे विचारतो, आणि झालेले असते. मिडाझोलामवर फ्लुमाझेनिल नावाचा उतारा आहे. प्रोपोफॉलवर उतारा नाही. श्वास मंदावल्यास ओसर पडेपर्यंत तो सांभाळणारा मनुष्य उशाशी असावा लागतो आणि तो भूलतज्ज्ञ असावा हे उत्तम. मायकेल जॅक्सन 2009 साली याच औषधाने गेला म्हणून पुष्कळांच्या मनात त्याची धास्ती आहे. परंतु तो गेला स्वतःच्या घरी, झोप यावी म्हणून घेतलेल्या औषधाने, अशा देखरेखीवाचून. दोष औषधापेक्षा गैरहजर पहारेकऱ्याचा अधिक.

पहिल्या प्रकाराने मला अधिक विचारात पाडले. मिडाझोलामचा गुण असा, की ते दिल्यानंतरच्या घटना स्मृतीत नोंदल्याच जात नाहीत. वेदना झाली किंवा न झाली, दफ्तरी तिचा दाखला राहत नाही. खटला चालला खरा, पण एकुलता एक साक्षीदार फितूर झालेला. आता ज्या दुःखाची आठवणच नाही ते दुःख झाले असे म्हणावयाचे काय, हा प्रश्न वेदान्त्यांच्या घरचा वाटेल. परंतु त्याचा पाठपुरावा कोणी केला असेल तर तो डॅनियल कानमान या मानसशास्त्रज्ञाने, ज्याला पुढे 2002 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याने आणि डोनाल्ड रेडेलमायर या डॉक्टराने टोरांटो येथे कोलोनोस्कोपी होत असलेल्या रुग्णांना दर मिनिटास वेदनेचा आकडा विचारला आणि मागाहून एकंदर अनुभव कसा होता तेही विचारले. कोणाची तपासणी चार मिनिटांत आटोपली होती, कोणाची तासाहून अधिक चालली होती. 1996 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की माणसाच्या आठवणीत किती वेळ दुखले याला जवळजवळ किंमत नसते. सर्वांत जास्त दुखले तो क्षण आणि अखेरची काही मिनिटे, एवढ्यांवरूनच मन आपला निवाडा लिहून मोकळे होते. 2003 च्या प्रयोगात तर त्यांनी 682 रुग्णांपैकी निम्म्यांच्या बाबतीत काम संपल्यावरही दुर्बिणीचे टोक काही काळ न हलविता तसेच राहू दिले. त्रास एकूण वाढला, शेवट सौम्य झाला. आणि त्या रुग्णांना आपली तपासणी इतरांपेक्षा कमी त्रासदायक होती असे आठवले. मनुष्याचे मन हिशेबात किती कच्चे आहे याचा याहून शास्त्रोक्त पुरावा मला ठाऊक नाही.

तथापि यावरून ‘मग गुंगी देऊन टाकावी, आठवते कोणाला!’ असा जो सोयीचा अर्थ काही ठिकाणी काढला जातो तो मला मान्य नाही. टेबलावर जो कण्हतो तोही मीच असतो. उद्या मला त्याची आठवण नसणार म्हणून आज त्याला वाली नाही असे कसे म्हणावे? गुंगी द्यावयाची ती वेदना शमेल इतकी द्यावी, नुसती विस्मृती येईल इतकी नव्हे.

वेदना होते कशाने, हे ठाऊक असले तर निम्मे भय जाते. आतड्याच्या आतल्या अस्तराला चिमटा घेतला किंवा त्यावर उगवलेला लहानसा अंकुर (पॉलिप) तारेच्या फासाने कापून काढला तरी काही कळत नाही. दुखते ते ताणाने. मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे, आणि गुदाशयाच्या वरचा त्याचा भाग नागमोडी. आमच्या क्वार्टरांतील तुंबलेल्या नळात प्लंबर तार सारतो तेव्हा बाहेरून ढकललेली तार कोपऱ्यावर पुढे न सरकता आतल्या आत वेटोळे करते. तसेच दुर्बिणीचे होते, आणि ते वेटोळे आतड्याच्या आधारपटलाला ताण देते. शिवाय वाट दिसावी म्हणून हवा भरतात तिची फुगोटी निराळी. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला, किंवा हवेऐवजी पाणी सोडीत गेले, तर हा त्रास बराच उणा होतो. आपल्या रुग्णालयात यांतील काय उपलब्ध आहे हे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. नॉर्वेत कित्येक रुग्ण भूल न घेताच ही तपासणी करून घेतात, अमेरिकेत न घेणारा विरळा. दोन्हीकडची आतडी सारखीच असल्यामुळे फरक शिरस्त्याचा आणि कौशल्याचा मानावयास हवा.

अमेरिकेवरून आठवले. 29 जून 2002 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी याच तपासणीसाठी भूल घेण्यापूर्वी घटनेच्या पंचविसाव्या दुरुस्तीनुसार रीतसर पत्र लिहून आपला अधिकार उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या स्वाधीन केला आणि सुमारे सव्वादोन तासांनी दुसरे पत्र लिहून तो परत घेतला. 2021 च्या नोव्हेंबरात जो बायडन यांनी तेच केले, आणि 85 मिनिटे त्या देशाचा कारभार कमला हॅरिस यांच्या हाती राहिला. राष्ट्राध्यक्षाचे अधिकार स्त्रीकडे येण्याचा तिथला तो पहिला प्रसंग. भट्टीवरच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. चार्ज दिल्यावाचून जागा सोडावयाची नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि चार्ज कोणाला, किती, हे शुद्धीत असताना ठरवावयाचे असते. 1924 च्या जानेवारीत येरवड्याचे कैदी असलेल्या गांधीजींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली, तेव्हा क्लोरोफॉर्मपूर्वी श्रीनिवास शास्त्रींना बोलावून संमतीचा मसुदा तयार झाला आणि गांधीजींनी त्यावर सही केली. शस्त्रक्रियेच्या मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात झाले ही हकीकत प्रसिद्ध आहे, पण मला त्या सहीचे महत्त्व अधिक वाटते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली समीरा कोहली खटल्यात हेच कायद्याच्या भाषेत सांगितले: तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि जिवावरचा प्रसंग नसता, सज्ञान रुग्ण भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या आईकडून घेतलेला होकार ग्राह्य नव्हे. अंकुर दिसल्यास तो तत्क्षणी काढावा की नाही, भूल कोणत्या प्रकारची, ती देणार कोण, हे सारे आदल्या दिवशी विचारून संमतीच्या कागदावर उतरवून घेतले पाहिजे.

एवढे सगळे पुस्तकी ज्ञान झाले. भिलाईत हा निर्णय प्रत्यक्षात ठरतो तो निराळ्याच कारणाने. 1955 च्या फेब्रुवारीत सोव्हिएत रशियाशी करार झाला तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती, त्यामुळे आम्हा मराठी मंडळींची पहिली आवक वऱ्हाड-नागपुराकडून झाली. मागोमाग केरळपासून पंजाबपर्यंतची माणसे आली, आणि सेक्टर वसले. त्या माणसांनी मुलांना शिकविले, इतके शिकविले की सगळी बाहेर गेली. पुढे आयआयटीही इथे आली, पण मुलांचे जाणे थांबले नाही. आमचा मुलगा बंगळुरास, मुलगी मेलबर्नला. पत्नीच्या गुडघ्यांनी जिना केव्हाच सोडला. अशा घरात ‘जबाबदार व्यक्ती’ आणावयाची कोठून? मागच्या रस्त्यावर केरळच्या एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. त्यांनी मागल्या वर्षी ही तपासणी भुलेवाचून करून घेतली, कारण विचारता म्हणाल्या, “सह लूँगी सोचा, भैया. घर कौन ले जाएगा?” भूल घेतल्यावर चोवीस तास वाहन चालवावयाचे नाही, दस्तऐवजावर सही करावयाची नाही, हे सर्व योग्यच आहे. परंतु ज्या बाईला वेदनाशमनाचा पूर्ण हक्क होता तिने रिक्षापर्यंत हात धरणारे कोणी नाही म्हणून तो सोडून दिला, आणि हे आम्हाला वर्षभर ठाऊकही नव्हते.

माझे स्वतःचे सांगतो. आदली रात्र ही या प्रकरणातील खरी परीक्षा. दोन लिटर पाण्यात कालवलेले ते खारट-गुळचट द्रावण दर पंधरा मिनिटांस पेलाभर घ्यावयाचे. तिसऱ्या पेल्यानंतर पत्नीने तांब्या बर्फात ठेवला तेव्हा ते कसेबसे घशाखाली उतरू लागले. भूल याच्यावर नाही. सकाळी डॉक्टरांशी मी असा करार केला, की हाताला सुई आधीच लावून ठेवावी, भुलेवाचून आरंभ करावा, आणि मी मागेन तेव्हा बिनतक्रार औषध द्यावे. हा मधला मार्ग पुष्कळ डॉक्टर मान्य करतात, मात्र तो तोंडाने मागावा लागतो. शेजारचा तरुण सोबत आलाच होता, म्हणजे परतीचा प्रश्न निर्णयाच्या आड येणार नव्हता. पहिल्या वळणावर मुरडा आला तो खरा होता, घाम फुटला. सिस्टरने बेंबीखाली तळहात दाबून धरला, डॉक्टरांनी दुर्बीण थोडी मागे घेऊन पिरगळली, आणि कळ ओसरली. नंतर पडद्यावर ओली, गुलाबी, कडी-कडीची एक वाट पुढे पुढे जात होती. ती आपलीच आहे यावर विश्वास बसेना. औषध मागावे लागले नाही. निघाला तो एक लहानसा अंकुर. तो काढल्याचे मला पडद्यावरूनच कळले.

यात शौर्य नाही. आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी पत्नीची हीच तपासणी ‘थोडे सहन करा’ म्हणत भुलेवाचून उरकली गेली होती. तिची गर्भाशयाची शस्त्रक्रिया पूर्वी झालेली, त्यामुळे आतडी आतून चिकटलेली असण्याचा संभव होता, आणि तिला कोणी काही विचारलेच नव्हते. तिने पुढल्या वेळी प्रोपोफॉलच मागावे असे माझे मत आहे आणि तिचेही तेच आहे. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या, पहिला अनुभव वाईट असलेल्या, किंवा नुसत्या विचाराने छाती धडधडणाऱ्या माणसाने बेलाशक भूल घ्यावी. झोपेत घोरताना श्वास अडकणाऱ्याने आणि दमेकऱ्याने मात्र भूलतज्ज्ञाला आधी भेटून सर्व हकीकत सांगावी, लपवू नये.

सोबतीच्या प्रश्नावर आमच्या रस्त्यापुरता तोडगा आम्ही काढला आहे. सहा निवृत्तांची यादी केली असून तीत प्रत्येकाचा वार ठरला आहे. केरळच्या बाईंनी मंगळवार घेतला. माझ्याकडे गुरुवार आहे. कोणाला रुग्णालयातून घरी आणावयाचे असल्यास आदल्या सोमवारपर्यंत निरोप द्यावा. मी सकाळी साडेसातला फाटकाशी उभा असेन.