हात लावा!

‘‘मशीनला हात लावू नका, बिघडेल!’’ फी भरून संगणक शिकायला गेलेल्या आमच्या मुलांना एका वर्गात हे ऐकावे लागले. ऑपरेटिंग सिस्टीम टाकण्याचा धडा सरांनी स्वतः करून दाखविला. मुलांनी मागे उभे राहून तो वहीत उतरवून घेतला. पोहणे वहीत उतरवून येते काय, असा आमचा सवाल आहे. हात न लावता घेतलेली विद्या मुलाखतीत उघडी पडते.

भीती मात्र खोटी नाही. घरात संगणक एकच, तोही हप्त्यांवर घेतलेला. चुकीची डिस्क पुसली तर भावाचा अभ्यास, बहिणीचे अर्ज सारेच जायचे. यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या पोटातला दुसरा संगणक. आयबीएमने १९७२ साली ‘व्हीएम/३७०’ आणले तेव्हा हे मोठ्या कंपन्यांचे काम होते. आता २००७ पासून मोफत मिळणारे व्हर्च्युअलबॉक्स घरच्या संगणकावरही चालते.

आठ जीबी रॅम असेल तर दोन जीबी या मशीनला द्या. वीस जीबीची आभासी डिस्क करा. डेबियन लिनक्सची आयएसओ फाइल तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेऊन जोडा आणि मशीन सुरू करा. सुरूच झाले नाही, तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे काय ते पाहा. पुढे संपूर्ण डिस्क वापरण्याचा पर्याय येतो. इथेच हात थरथरतो. थरथरू देऊ नका! पुसली जाते ती आभासी डिस्क; खऱ्या संगणकाच्या लेखी ती एक फाइल आहे. काम झाले की स्नॅपशॉट घ्या. मग हवे ते मोडा, पासवर्ड विसरा, पुन्हा स्नॅपशॉटवर या. एवढेच सांभाळा, की खऱ्या संगणकाचा फोल्डर आत जोडू नका. त्यातले पुसले तर खरेच पुसले जाते.

ज्याच्या घरी चार मशीन त्याला चुकणे परवडते आणि म्हणून तो शिकतो. एकच मशीन असलेल्यालाही चुकण्याचा तोच हक्क हवा. तो आता एका फाइलीत मावतो. वस्तीतील वाचनालयांनी, वसतिगृहांनी रविवारचे दोन तास यासाठी द्यावेत. शिकविणाऱ्याने हात मागे बांधून उभे राहावे, कीबोर्ड मुलामुलींकडे द्यावा. आणि भिंतीवर पाटी लावायचीच असेल, तर ती ‘हात लावा’ अशी लावावी.