भिंतीला भोक पाडण्यापूर्वी

घरात फायबर येणार म्हणून कंपनीतून फोन आला, तेव्हा पलीकडच्या मुलीने मला चार गोष्टी तयार ठेवायला सांगितल्या. मशीन बसेल तिथे विजेचा प्लग हवा, भिंतीजवळचे कपाट सरकवून ठेवा, आधार कार्डाची झेरॉक्स काढून ठेवा, आणि माणूस येईल तेव्हा घरात कोणीतरी मोठे हवे. मी म्हटले, अगं, मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, आणखी किती मोठे हवे? ती हसली. पाचवी गोष्ट तिने सांगितली नाही. ती मला तीन आठवड्यांनी कळली, आणि म्हणून आज लिहायला बसले आहे. (कंपनीचे नाव विचारू नका. नाव लिहिले की भांडण एका कंपनीशी होते, आणि माझे भांडण त्याहून मोठे आहे.)

आधीच सांगून टाकते, मी फायबरच्या विरोधात नाही. आमचे घर वसईच्या पश्चिमेला, वाडीत. पहिला पाऊस झाला की तांब्याच्या तारेत पाणी शिरायचे आणि रिसीव्हर कानाला लावला की कढईत भजी सोडल्यासारखा आवाज यायचा. वीज कडाडली की ती त्याच तारेतून घरात यायची, आमचे दोन मोडेम असेच जळाले. काच गंजत नाही, काचेतून वीज येत नाही, आणि भंगारवाल्याला काचेची तार चोरून काही मिळत नाही. 'फायबर ऑप्टिक्स' हा शब्द रूढ करणारे नरिंदरसिंग कपानी तर पंजाबातल्या मोग्याचे. वर्गात शिकवत असते तर हे मी दोनदा सांगितले असते. तेव्हा 'म्हातारीला नवे नको' असे कोणी म्हणू नये. नातवंडांशी व्हिडिओवर बोलताना आता त्यांचे चेहरे मध्येच गोठत नाहीत, याचा मला आनंदच आहे.

तर सांगत काय होते... माझ्या मोठ्या जाऊबाई, आम्ही सगळे त्यांना माई म्हणतो, शेजारच्या वाडीत जुन्या घरात एकट्या राहतात. वय एक्याऐंशी. मुलगा पुण्याला. त्यांच्या पलंगाशेजारी फोन, माझ्या पलंगाशेजारी फोन, आणि माझा नंबर त्यांना रामरक्षेसारखा पाठ. दोन्ही घरांत एकाच दिवशी फायबर आले. माणसाने तांब्याची जुनी तार काढून गुंडाळी केली, फोनची पिन नव्या मशीनमध्ये खोचली, एक फोन लावून दाखवला, सही घेतली आणि गेला. वीस मिनिटे.

पुढे एका रात्री वारा सुटला आणि दिवे गेले. आमच्याकडे पावसाळ्यात हे काही नवीन नाही, नारळाची एक झावळी तारांवर पडली की पुरते. पावणेदोनच्या सुमाराला माई अंधारात न्हाणीघराकडे जायला उठल्या आणि पडल्या. मनगट मोडले. सरपटत पलंगापर्यंत आल्या, रिसीव्हर उचलला. 'आत काहीच नव्हतं गं,' त्या मला नंतर म्हणाल्या, 'शिट्टीसुद्धा नाही.' मोबाइल होता. मुलाने हौसेने आणून दिलेला, कपाटात, चार्जिंग संपलेला. त्या जमिनीवर बसून राहिल्या ते साडेपाचला दूधवाल्याने हाक मारीपर्यंत. मी शंभर पावलांवर झोपले होते.

ती पाचवी गोष्ट अशी. तांब्याच्या तारेवरच्या फोनला घरातली वीज लागतच नव्हती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मोठमोठ्या बॅटऱ्या असतात, वर जनरेटर असतो. तिथून ४८ व्होल्टचा प्रवाह त्याच दोन तारांतून आपल्या फोनपर्यंत यायचा. घरात, गावात, अख्ख्या तालुक्यात अंधार असला तरी रिसीव्हर उचलला की शिट्टी ऐकू यायची. फायबरमधून येतो तो उजेड. त्या उजेडाचा आवाज करायला घरात मशीन लागते आणि मशीनला भिंतीतला प्लग. दिवे गेले की मशीन गेले, मशीन गेले की फोन गेला. हे समजायला इंजिनिअर व्हावे लागत नाही, मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई आहे. फक्त कोणीतरी सांगावे लागते. माझा राग इथे आहे. कपाट सरकवा हे सांगायला त्यांना आठवले, हे आठवले नाही.

तक्रार केली तर उत्तर काय मिळाले? 'मॅडम, आता सगळ्यांकडे मोबाइल असतो.' हे वाक्य मी भाच्याच्या तोंडून ऐकले आहे, सोसायटीतल्या मंडळींकडून ऐकले आहे, आणि प्रत्येक वेळी मला २०१८ चा जुलै आठवतो. विरार-नालासोपाऱ्याच्या दरम्यान रुळांवर पाणी, लोकल बंद, आमच्याकडे दीड दिवस वीज नाही. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांचे मोबाइल चालू होते. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन मेलेले, आणि ज्यांचे जिवंत होते त्यांना रेंज नाही, कारण टॉवरलाही बॅटरीच असते आणि तीही कधीतरी संपते. त्या दिवशी आमच्या आळीतले लोक एकेक करून माझ्या ओटीवर आले. गोरेगावला अडकलेल्या मुलाला फोन, विरारच्या बहिणीला फोन. ०२५० चा तो जुना नंबर दिवसभर चालू होता. त्यातले दोघे-तिघे आज मला मोबाइलचे कौतुक सांगतात! असो.

इंग्लंडमध्येही जुने फोन बंद करून सगळे नव्या पद्धतीवर नेण्याचे काम चालू आहे. तिथे म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात मदतीचे बटण असते, ते फोनच्या तारेवर चालते. फोन बदलल्यावर काहींची बटणे चाललीच नाहीत, आरडाओरड झाली, आणि २०२४ मध्ये मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकलावी लागली. तिथला नियम असा की, ज्यांचा आधार फक्त घरच्या फोनवर आहे त्यांना वीज गेल्यावर निदान एक तास तरी मदतीसाठी फोन करता यावा अशी सोय कंपनीनेच करायची. एक तास मला कमीच वाटतो, वसईत तर हसण्यासारखा. पण 'कंपनीनेच करायची' हे दोन शब्द बघा. आमच्या फॉर्मवर त्या विषयी एक ओळ नव्हती. फॉर्म इंग्रजीत होता, सही मराठीत.

म्हणून आता ज्यांच्याकडे माणूस येणार आहे त्यांनी कपाट सरकवण्याआधी थोडे भांडावे. जुनी तार आधी काढू देऊ नका. नवा फोन आठ दिवस नीट चालला की मग काढा. नंबर तोच राहणार का, हे लिहून घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर मशीनचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनीवर आहे ना ते वायरमनकडून पाहून घ्या. आमच्या दिवाणखान्यातला नव्हता, पंखा फिरत होता आणि मशीन बंद. इन्व्हर्टर नसेल तर मशीनसाठी छोटा यूपीएस मिळतो, हजार-दीड हजारात, तो मशीनबरोबर कंपनीनेच द्यावा यासाठी अडून बसा. देणार नाहीत, पण विचारणारे वाढले पाहिजेत. आतल्या खोलीत जुना जोडफोन असेल तर त्याची तार नव्या मशीनला जोडून घ्यावी लागते, आपोआप चालत नाही. चकतीचा जुना फोन बहुतेक मशीनवर चालणार नाही, तो शोकेसमध्ये ठेवा. आणि केबल कपाटामागे करकचून वाकवू नका, काच आहे ती.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारायचा तो तुमच्या घराविषयी नाही. गल्लीच्या तोंडाशी ज्याच्या दुकानातून तुमची लाइन येते, त्याच्या मशीनला बॅटरी आहे का आणि किती तासांची? तुमचा यूपीएस चार तास चालला आणि त्याचे मशीन दहा मिनिटांत झोपले तर काय उपयोग? मी विचारले तेव्हा तो मुलगा डोके खाजवत म्हणाला, 'आजी, हे आजवर कोणी विचारलं नाही.' आता दर आठवड्याला मी विचारते. तो मला पाहून रस्ता बदलतो, अशी माझी शंका आहे.

माईंच्या हाताचे प्लास्टर निघाले. त्यांच्या मशीनला यूपीएस बसवला, पैसे आम्हीच भरले. दर रविवारी दहा वाजता त्या मेन स्विच बंद करतात आणि मला फोन लावतात. मग तो कॉल तसाच ठेवून आम्ही भाजी निवडतो, त्या तिकडे, मी इकडे, बॅटरी किती चालते ते बघत. पहिल्या रविवारी तीन तास दहा मिनिटे झाली होती. गेल्या रविवारी दोन तास पन्नास. वहीत लिहून ठेवले आहे.