गावाला मत आहे, न्यायासन नाही

१/ डिसेंबर १९३६. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन फैजपूरचे. राजकारण गावात आले, न्यायदान?

२/ तेव्हा किरकोळ गुन्ह्यांचे खटले ऑनररी मॅजिस्ट्रेटही चालवीत. ते लोकांनी निवडलेले नसत, सरकारने नेमलेले प्रतिष्ठित असत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती प्रथा मोडली, हे उचितच.

३/ विधी आयोगाच्या ११४ व्या अहवालाने १९८६ मध्ये सुचविले: ग्रामन्यायालयात प्रशिक्षित न्यायाधीशासह दोन सामान्य नागरिक बसावेत. २००८ च्या कायद्याने नेमके तेच दोघे वगळले.

४/ गावकरी जातीचा पक्षपात करतील, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच तर सोबत न्यायाधीश हवा! सरकार निवडण्यास पात्र असलेला गावकरी किरकोळ चोरीचा निवाडा करण्यास अपात्र कसा?